शत्रुंजयाच्या वाटेवरील विद्यानगर : भावनगर

वांद्रे टर्मिनसहून रात्री निघालेली गाडी सकाळी भावनगर टर्मिनस स्थानकात विसावते. फलाटावर सामान उतरते, वडीलधाऱ्यांची मोजदाद होते, मुलांच्या हाती पाण्याच्या बाटल्या दिल्या जातात आणि स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या मोटारी पालिताण्याच्या रस्त्याला लागतात. सुमारे पन्नास किलोमीटरचा हा रस्ता कापून केव्हा एकदा शत्रुंजयाचे शिखर दृष्टीस पडते, अशी प्रत्येक यात्रेकरूची ओढ असते. ती स्वाभाविकही आहे. परतीच्या दिवशी भावनगरी गाठियाची चार पाकिटे घेतली जातात आणि गाडी पुन्हा मुंबईकडे धावू लागते. कित्येक जैन कुटुंबांच्या तीन पिढ्या भावनगरला उतरल्या आहेत. भावनगर पाहिलेली माणसे मात्र त्यांच्यात विरळाच सापडतात.

वास्तविक पश्चिम किनाऱ्यावरील हे एक महत्त्वाचे विद्यानगर आहे. येथे विद्यापीठ आहे, एकशे चाळीस वर्षांचे महाविद्यालय आहे, त्याहून जुने ग्रंथालय आहे आणि जैन ग्रंथांच्या मुद्रणाचा मोठा इतिहास याच्या गल्ल्यांतून घडला आहे. श्रावकाने ज्या सात क्षेत्रांत धन पेरावे असे शास्त्रकारांनी सांगितले, त्यांपैकी जिनमूर्ती आणि जिनमंदिर या पहिल्या दोन क्षेत्रांचे परम वैभव शत्रुंजयावर दिसते. तिसरे क्षेत्र जिनागमाचे. त्याची शेती ज्या भूमीत झाली, ती भूमी शत्रुंजयाच्या पायथ्याशी, भावनगर आणि वलभी यांच्यामध्ये पसरलेली आहे. यात्रेत तिला दोन दिवस दिले, तर यात्रा अधिक पूर्ण होते.

बंदरासाठी वसलेले नगर

भावनगरच्या जन्माशी मराठ्यांच्या इतिहासाचाही एक धागा जोडलेला आहे. गोहिल राजवंशाची राजधानी पूर्वी सिहोर येथे, आजच्या भावनगरपासून वीसेक किलोमीटरवर होती. १७२२-२३ च्या सुमारास कंठाजी कदम बांडे आणि पिलाजी गायकवाड यांच्या फौजांनी सिहोरवर चाल केली. भावसिंहजी गोहिल यांनी ती परतवून लावली. परंतु ही जागा पुन्हा पुन्हा संकटात येणार, हे त्यांनी ओळखले. खंभातच्या आखाताला लागून असलेल्या वडवा गावाजवळ त्यांनी १७२३ मध्ये अक्षय्य तृतीयेच्या दिवशी नवे नगर वसवले. ज्या तिथीला भगवान ऋषभदेवांनी श्रेयांसकुमाराच्या हातून इक्षुरस स्वीकारून वर्षीतपाचे पारणे केले, तीच या शहराची जन्मतिथी होय. आजही त्या तिथीला शेकडो वर्षीतपांची पारणी पालिताण्यात होतात आणि जवळच भावनगर आपला स्थापनादिन साजरा करते.

जागेची निवड केवळ संरक्षणासाठी नव्हती. समुद्रमार्गे येणाऱ्या मालावरील जकात हे राज्याचे खरे उत्पन्न ठरणार होते. खाडीच्या आत शिरलेले हे बंदर वाऱ्यापासून सुरक्षित होते. भावसिंहजींचे नातू वखतसिंहजी यांच्या काळात चाचेगिरीचा बंदोबस्त झाला आणि व्यापाऱ्यांचा विश्वास वाढला. कापूस, धान्य, इमारती लाकूड यांची ने-आण वाढत गेली आणि मुंबईशी भावनगरचा नित्याचा संबंध जुळला.

येथील समुद्र मात्र मुंबई-गोव्याच्या समुद्रासारखा समोर येऊन उभा राहत नाही. खंभातच्या आखातातील भरती-ओहोटीतील अंतर भारतात सर्वाधिक मानले जाते. ते दहा मीटरच्या घरात जाते. ओहोटीला मैलोन् मैल करडा चिखल उघडा पडतो आणि काही तासांत तेथेच गलबते तरंगू लागतात. जहाजे ओहोटीतही पाण्यात राहावीत म्हणून या बंदराला जलद्वार बांधावे लागले. आखातात सतत साचणाऱ्या गाळाने बंदराला नेहमीच त्रास दिला आहे. व्यापाऱ्याच्या नजरेला येथे एक गोष्ट चटकन उमगते: ज्या उत्पन्नावर हे शहर उभे राहिले, ते उत्पन्न भरतीच्या पाण्याइतकेच चंचल होते.

घोघा आणि नवखंडा पार्श्वनाथ

भावनगरच्या आधी या किनाऱ्याचे बंदर होते ते घोघा. शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवरील या गावाची कीर्ती दर्यावर्दी पुरुषांमुळे दूरवर पसरली होती. घोघ्याचा नवरा आणि लंकेची नवरी अशा जोडीची गुजराती म्हण आजही बोलली जाते. अलीकडे सुरतेजवळच्या हजीरा येथून घोघ्यापर्यंत फेरीबोट सुरू झाली असून, आखाताला वळसा घालणारा सुमारे ३७० किलोमीटरचा रस्त्याचा प्रवास तिच्यामुळे वाचतो. बोटीत माणसांबरोबर मोटारीही चढवता येतात. नाशिक, धुळे, जळगाव या बाजूने सुरतेला येणाऱ्या कुटुंबांना हा मार्ग सोयीचा आहे. निघण्यापूर्वी बोटीची वेळ विचारून घ्यावी.

घोघ्याला उतरल्यावर प्रथम दर्शन घडते ते नवखंडा पार्श्वनाथांचे. नऊ खंड झालेली प्रतिमा पुन्हा सांधली गेली, अशी या तीर्थाची परंपरा सांगते. सांध्यांच्या रेषांसह पूजली जाणारी ही मूर्ती पाहताना भाविकाचे मन स्थिर होते. मंदिराबाहेर पडल्यावर जुन्या बंदराची शांतता जाणवते. मुंबईत स्थायिक झालेला घोघारी जैन समाज आपल्या नावातून आजही या गावाची ओळख सांभाळून आहे.

जकातीचे ग्रंथालय झाले

भावनगरचे खरे सोने झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. गौरीशंकर ओझा, ज्यांना लोक प्रेमाने गगा ओझा म्हणत, हे दीर्घकाळ दिवाण होते. उत्तरायुष्यात त्यांनी संन्यास घेतला आणि जर्मन पंडित मॅक्स म्युलर यांनी आपल्या भारतीय मित्रांच्या आठवणींत त्यांना स्थान दिले. शहराला पाणी पुरवण्यासाठी १८७२ मध्ये बांधलेल्या तलावाला त्यांचे नाव आहे. सामान्य माणूस त्याला बोर तलाव म्हणतो. संध्याकाळी या तलावाच्या काठी सहकुटुंब बसण्याची भावनगरकरांची रीत आजही टिकून आहे.

महाराजा तख्तसिंहजी यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८७० ते १८९६ या काळात, एकामागून एक कामे उभी राहिली. १८८० मध्ये वढवाणपर्यंत रेल्वे आली. १८८२ मध्ये बार्टन ग्रंथालय स्थापन झाले. काठियावाडच्या इंग्रज पोलिटिकल एजंटाचे नाव त्याला देण्यात आले. राज्याच्या रुग्णालयाचा आराखडा विल्यम इमर्सन या वास्तुविशारदाने केला. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटची आणि पुढे कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलची रचना करणारा हाच इमर्सन. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात दुकानदारी करणाऱ्या कुटुंबांनी या रुग्णालयाच्या इमारतीकडे जरा थांबून पाहावे. शहराच्या कडेला १८८८ मध्ये राखलेले व्हिक्टोरिया पार्क हे शोभेचे उद्यान नसून खरेखुरे वन आहे.

शहराच्या मध्यभागी एका टेकडीवर १८९३ मध्ये बांधलेले तख्तेश्वराचे संगमरवरी शिवमंदिर आहे. अठरा खांबांच्या मंडपात उभे राहिले की सारे शहर पायाशी पसरलेले दिसते: जुन्या बाजाराची दाट वस्ती, झाडीतून डोकावणारे राजवाड्याचे आवार आणि दूरवर आखाताची राखाडी रेषा. शहराची कुंडली वाचायची असेल, तर प्रारंभ येथून करावा.

यानंतर पाहावे ते गांधी स्मृती भवन. १९५५ पासून उभ्या असलेल्या या वास्तूत महात्माजींच्या जीवनाची छायाचित्रे आहेत, ग्रंथालय आहे आणि बार्टन संग्रहालयही आहे. संग्रहालयात नाणी, शस्त्रे, शिल्पे, काष्ठकाम आणि मण्यांचे भरतकाम यांबरोबर वलभीच्या मैत्रक राजांचे ताम्रपटही आहेत. दानात दिलेल्या जमिनीच्या चतुःसीमा, दान घेणाऱ्याचे नाव, दानाचा हेतू आणि ते मोडणाऱ्यास लागणारे पाप अशी बिनचूक नोंद या पत्र्यांवर असते. खतावणीची सवय असलेल्या माणसाला या दीड हजार वर्षांपूर्वीच्या दस्तऐवजात आपलीच शिस्त भेटते.

सामळदास महाविद्यालय

तख्तसिंहजींनी आपले दिवाण सामळदास परमानंददास यांच्या स्मरणार्थ १८८५ मध्ये महाविद्यालय काढले. १८८८ च्या जानेवारीत राजकोटहून एक अठरा वर्षांचा विद्यार्थी येथे दाखल झाला. मुंबईपेक्षा भावनगरला खर्च कमी, एवढेच या निवडीचे कारण होते. मोहनदास करमचंद गांधी या विद्यार्थ्याला येथील शिकवणे झेपले नाही. प्राध्यापक उत्तम होते, आपणच कच्चे होतो, असे त्यांनी पुढे आत्मकथेत प्रांजळपणे लिहिले आहे. पहिले सत्र संपताच ते घरी परतले आणि कुटुंबाचे स्नेही मावजी दवे यांनी विलायतेस जाऊन बॅरिस्टर होण्याचा सल्ला दिला.

याच प्रसंगाचा पुढील भाग जैन वाचकाच्या जिव्हाळ्याचा आहे. मुलाला परदेशी धाडण्यास आईचे मन तयार होईना, तेव्हा बेचरजी स्वामी या जैन मुनींनी मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याच्या तीन प्रतिज्ञा त्याला दिल्या आणि मातेचे समाधान झाले. एका महाविद्यालयातील अपयश आणि एका मुनींनी दिलेले व्रत, या दोहोंमधून एक थोर जीवन पुढे सरकले. परीक्षेतील गुणांवरून मुलांचे भवितव्य ठरवून टाकणाऱ्या आजच्या घरांनी सामळदासच्या आवारात क्षणभर थांबणे उपकारक ठरेल. सौराष्ट्राच्या लोककथा घरोघरी पोहोचवणारे झवेरचंद मेघाणी हेदेखील याच महाविद्यालयाचे पदवीधर. जन्माने जैन वणिक असलेल्या मेघाणींनी दुकानाऐवजी लेखणीची पेढी थाटली.

१९७८ मध्ये भावनगरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. त्याला आज महाराजा कृष्णकुमारसिंहजी यांचे नाव आहे. १९४८ च्या जानेवारीत सरदार पटेलांच्या उपस्थितीत प्रजेच्या हाती राज्यकारभार सोपवणारे आणि पुढे मद्रासचे राज्यपाल झालेले हेच महाराज. या किनाऱ्याशी नाते सांगणारी आणखी एक संस्था येथे आहे. मीठ आणि सागरी रसायनांवर संशोधन करणारी ही केंद्रीय संस्था १९५४ पासून कार्यरत आहे. किनाऱ्यालगतच्या मिठागरांचा व्यवसाय आणि प्रयोगशाळा यांची अशी शेजारसोबत क्वचितच आढळते.

मुंबईची पेढी, भावनगरचे बीज

ज्यांच्या नावाने महाविद्यालय निघाले, त्या सामळदासांचे चिरंजीव लल्लुभाई हे भावनगरचेच. राज्याच्या महसूल खात्यातील अनुभव घेऊन ते मुंबईस आले. १९११ मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्यासह त्यांनी सहकारी चळवळीला भांडवल पुरवणारी मध्यवर्ती बँक उभी केली. आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक ती हीच. १९१९ मध्ये सोलापूरच्या जैन घराण्यातील वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांच्या बरोबरीने सिंधिया स्टीम नेव्हिगेशन या स्वदेशी जहाज कंपनीच्या स्थापनेत लल्लुभाईंचा वाटा होता. कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले आणि म्हणूनच ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन मानला जातो. लल्लुभाईंचे पुत्र वैकुंठभाई मेहता यांनी सहकारासाठी आयुष्य वेचले. पुण्यातील राष्ट्रीय सहकार व्यवस्थापन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रातील सहकारी बँकेच्या दारात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाचे भावनगरशी असे एक अप्रत्यक्ष नाते आहे.

भावनगर राज्याची स्वतःची दरबार बँक १९०२ मध्ये सुरू झाली. १९५० मध्ये सौराष्ट्रातील अन्य संस्थानी बँका तिच्यात मिळाल्या आणि स्टेट बँक ऑफ सौराष्ट्र अस्तित्वात आली. तिचे मुख्यालय भावनगर येथेच होते. २००८ मध्ये ही बँक स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. एका संस्थानी बँकेचे शतकभराचे आयुष्य असे मोठ्या प्रवाहात मिसळून गेले.

ताराबाईंचे नऊ वर्षांचे शिक्षण

मराठी माणसाने कृतज्ञतेने जावे असे भावनगरमधील स्थान म्हणजे दक्षिणामूर्ती. नानाभाई भट्ट यांनी १९१० मध्ये ही संस्था स्थापन केली. वकिली सोडून आलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये येथे बालमंदिर सुरू केले. छडी आणि भीती यांच्यावाचून मूल शिकू शकते, हे त्यांना प्रत्यक्ष करून दाखवायचे होते. १९२३ मध्ये ताराबाई मोडक येथे आल्या आणि सुमारे नऊ वर्षे राहिल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली.

पुढे ताराबाईंनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढले, १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग आरंभला आणि अनुताई वाघांसह तो कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळाच त्याच्या अंगणात नेली पाहिजे, या विचारातून अंगणवाडी रुजली. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत आज जो शब्द सर्वांच्या तोंडी आहे, त्याचे एक मूळ भावनगरच्या बालमंदिरात सापडते.

खारगेटच्या सभा

जुन्या शहरात, खारगेटच्या आसपासच्या गजबजलेल्या बाजारात, यात्रेकरूचे पाऊल सहसा वळत नाही. कापडाची दुकाने, भांड्यांची दुकाने आणि गाठिया तळणाऱ्या कढया यांच्या सोबतीने या भागाने एक फार मोठे काम केले आहे. १८८१ मध्ये श्री जैन धर्म प्रसारक सभा स्थापन झाली आणि १८८५ पासून तिचे ‘जैन धर्म प्रकाश’ हे मासिक निघू लागले. आचार्य विजयानंदसूरी, म्हणजेच आत्मारामजी महाराज, यांच्या कालधर्मानंतर १८९६ मध्ये श्री जैन आत्मानंद सभा उभी राहिली. या दोन्ही सभा व्यापारी श्रावकांनी चालवल्या. दिवसभर पेढीवर बसायचे आणि रात्री मुद्रिते तपासायची, असा तो काळ होता.

त्या परिश्रमांचे फळ ग्रंथसूचीत दिसते. हेमचंद्राचार्यांचे ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्र’ प्रसारक सभेने मुद्रित केले. मुनी चतुरविजयजी आणि मुनी पुण्यविजयजी यांनी संपादलेली ‘वसुदेवहिंडी’ आणि सहा खंडांचे ‘बृहत्कल्पसूत्र’ आत्मानंद सभेने प्रसिद्ध केले. तोपर्यंत ही संपदा ताडपत्रांत आणि भांडारांच्या कुलपांत होती. ती छापली गेल्यामुळे पुण्याच्या, मुंबईच्या आणि युरोपातील विद्वानांच्या मेजावर पोहोचली.

सर्वांत विलक्षण कथा ‘द्वादशार नयचक्र’ या ग्रंथाची आहे. आचार्य मल्लवादी यांचा हा ग्रंथ. परंपरा त्यांचा संबंध वलभीशी जोडते. मूळ ग्रंथ काळाच्या ओघात लुप्त झाला. उरली ती केवळ सिंहसूरींची टीका. मुनी जंबूविजयजींनी त्या टीकेच्या आधारे मूळ ग्रंथाची एक एक ओळ पुन्हा जुळवली. बौद्ध ग्रंथांतील संदर्भ तपासण्यासाठी ते तिबेटी भाषा शिकले. आत्मानंद सभेने हा ग्रंथ १९६६ ते १९८८ या काळात तीन भागांत प्रसिद्ध केला. घोघ्याची नऊ खंडांची मूर्ती श्रद्धेने सांधली गेली. हा ग्रंथ विद्येने सांधला गेला.

या वातावरणात घडलेली माणसेही तशीच होती. भावनगरमध्ये जन्मलेले मोतीचंद गिरधरलाल कापडिया मुंबईत सॉलिसिटर झाले. न्यायालयाचे काम सांभाळून त्यांनी ‘उपमितिभवप्रपंचा कथा’ गुजरातीत आणली. आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने १९१५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या महावीर जैन विद्यालयाच्या उभारणीत ते अग्रभागी होते. बाहेरगावच्या जैन विद्यार्थ्यांना राहण्याची सोय देणाऱ्या त्या संस्थेने असंख्य मुलांचे उच्च शिक्षण शक्य केले. जवळच्याच महुवा गावचे वीरचंद राघवजी गांधी यांचे शालेय शिक्षण भावनगरला झाले. जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे चिटणीस म्हणून त्यांनी पालिताण्याच्या यात्राकराचा वाद मिटवण्यासाठी खटपट केली आणि १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्माचे प्रतिनिधित्व केले. १९०१ मध्ये अवघ्या सदतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वलभी : जेथे श्रुत अक्षरात आले

भावनगरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवरील वल्लभीपूर हे आज तालुक्याचे साधे गाव आहे. मैत्रक राजांची राजधानी वलभी ती हीच. सातव्या शतकात आलेला चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग याने येथील शंभराहून अधिक विहार आणि सहा हजार भिक्षू यांचा उल्लेख केला आहे. येथे शंभरावर कुटुंबे कोट्यधीश आहेत आणि दूरदेशीच्या दुर्मीळ वस्तूंचे साठे येथे होतात, अशीही त्याची नोंद आहे. त्याच शतकात आलेल्या इत्सिंगने नालंदेच्या बरोबरीने वलभीचे नाव घेतले. शिक्षण पुरे करण्यासाठी विद्यार्थी या दोन ठिकाणी दोन-तीन वर्षे राहत, असे तो सांगतो. गंगा-यमुनेच्या प्रदेशातील एक ब्राह्मणपुत्र विद्येसाठी वलभीस गेल्याची कथा ‘कथासरित्सागरा’त आहे. विद्यापीठ आणि बाजारपेठ त्या काळी एकाच वेशीच्या आत नांदत होती.

श्वेतांबर परंपरेत वलभीचे स्थान याहून उंच आहे. वीर निर्वाणानंतर ९८० व्या, अथवा दुसऱ्या गणनेनुसार ९९३ व्या वर्षी, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकात, देवर्धिगणी क्षमाश्रमण यांच्या नेतृत्वाखाली श्रमणसंघ येथे जमला. दुष्काळांनी मुनिसंघ विखुरला होता आणि मुखपाठाने चालत आलेले श्रुत विसरले जात होते. जे आठवणीत उरले होते, ते संकलित करून ग्रंथारूढ करण्यात आले. अपरिग्रही मुनींनी पोथीचा परिग्रह पत्करला, कारण श्रुताचा नाश त्यांना त्याहून मोठा दोष वाटला. आज वल्लभीपूरमधील जैन मंदिर देवर्धिगणींची स्मृती जागवते. विद्यापीठाच्या भव्य इमारती शोधणाऱ्याची मात्र येथे निराशा होईल.

वलभीचा अंत आठव्या शतकात झाला. मेरुतुंगाचार्यांच्या ‘प्रबंधचिंतामणी’त त्याची एक कथा आहे. रंक नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या मुलीची रत्नजडित फणी राजाने आपल्या कन्येसाठी बळाने घेतली. दुखावलेल्या रंकाने परचक्राला द्रव्य देऊन बोलावले आणि नगरी धुळीस मिळाली. इतिहास या कथेला किती मान देईल तो देवो. परंतु एकाच नगरीत व्यापाऱ्याच्या संपत्तीने काय राखले आणि काय बुडवले, हे ती स्पष्ट दाखवते. कोट्यधीशांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. तेथे लिहिली गेलेली आगमे आजही उपाश्रयांत वाचली जातात.

प्रवासाचा बेत आणि ज्ञानखाते

भावनगर पाहण्यासाठी दोन दिवस पुरेसे आहेत. पहिल्या दिवशी सकाळी दादासाहेब देरासरात पूजा करून गांधी स्मृती, संग्रहालय आणि सामळदास महाविद्यालय पाहावे. दुपारनंतर खारगेटचा बाजार आणि सभा, सूर्यास्तापूर्वी चोविहार आटोपून तख्तेश्वराची टेकडी. दुसऱ्या दिवशी वल्लभीपूर आणि घोघा ही दोन्ही स्थाने होतात. तिसऱ्या दिवशी पहाटे पालिताणा गाठावे. थंडीचे दिवस उत्तम. चातुर्मासात शत्रुंजयाची यात्रा बंद असते, हे ध्यानात ठेवावे. संग्रहालय आणि संस्थांच्या सुट्टीचे दिवस आधी विचारून घ्यावेत. शहरात शुद्ध जैन भोजनाची अडचण पडत नाही.

या प्रवासाला मुलांना अवश्य न्यावे. शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या चढताना आपल्या पूर्वजांनी दगडात काय घडवले, ते त्यांना दिसेलच. खारगेटच्या गल्लीत त्यांच्या पणजोबांच्या पिढीतील दुकानदारांनी कागदावर काय घडवले, तेही त्यांनी पाहिले पाहिजे.

आज अनेक संघांच्या ताळेबंदात देवद्रव्याप्रमाणे ज्ञानखातेही स्वतंत्र असते. ज्ञानपंचमीला ग्रंथांवर वासक्षेप होतो, बोलीची रक्कम खात्यात जमा होते आणि बहुधा मुदत ठेवीत जाऊन बसते. हिशेब चोख असतो, व्याजही वाढते. त्या ठेवीतून किती पोथ्यांची छायाचित्रे घेतली गेली, किती जुने ग्रंथ पुन्हा छापले गेले, प्राकृत शिकू इच्छिणाऱ्या किती मुलामुलींना शिष्यवृत्ती मिळाली, हा प्रश्न वार्षिक सभेत क्वचितच उपस्थित होतो. भावनगरच्या श्रावकांकडे आजच्याइतका पैसा नव्हता. हातात असलेला पैसा त्यांनी ठेवीत न अडकवता छापखान्यात घातला, आणि त्या गुंतवणुकीची फळे सव्वाशे वर्षांनंतरही मिळत आहेत.

बंदरात गाळ साचला, संस्थान विलीन झाले, दरबार बँकेचे नावही पुसले गेले. बार्टन ग्रंथालय आणि सामळदास महाविद्यालय आजही आहेत आणि सभांनी छापलेले ग्रंथ जगभरच्या ग्रंथालयांत आहेत. पालिताण्याहून परतताना गाडी सुटण्यास काही तास हाताशी असतात. गाठियाच्या पाकिटांबरोबर खारगेटवरून एखादा ग्रंथ विकत घेतला आणि घरी पोहोचल्यावर संघाच्या पुढील सभेत ज्ञानखात्याचा विषय मांडला, तर शत्रुंजयाच्या यात्रेत तिसऱ्या क्षेत्राचीही भर पडेल.